घरपट्टीची सवलत भाडेकरूपर्यंत पोचावी

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ झाला. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराची 40 टक्के सवलत 2019 मध्ये बंद झाली होती. 2023 मध्ये सरकारला ती पुन्हा लागू करावी लागली. मग सातारा आणि सांगली-मिरज-कुपवाडच्या लहान घरांनी काय पाप केले, हा प्रश्न रास्त आहे. मात्र पुण्याचा नियम जसाच्या तसा इथे आणला, तर भाड्याने राहणारा त्यातून वगळला जाईल. सांगलीच्या विश्रामबागेत शिकणारी मुले, मिरजेच्या दवाखान्यांतील परिचारिका, कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कामगार हेही इथलेच रहिवासी आहेत. घरपट्टी वाढली की तिचा भार भाड्यात उतरतो. सवलतही त्याच वाटेने खाली आली पाहिजे. म्हणून भाड्याच्या लहान घरालाही सवलत द्यावी, पण दोन अटींवर: भाडेकरार नोंदणीकृत असावा आणि अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी.

या अटी जगावेगळ्या नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कलम 56 मालकाला अनामत घेण्याची मुभा देते, पण तिला कमाल मर्यादा घालत नाही. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. तो स्वीकारणे राज्याच्या हाती आहे. गावातून शहरात आलेल्या कुटुंबाला घरात पाऊल टाकण्याआधीच सहा-सहा महिन्यांचे भाडे एकरकमी मोजावे लागले, तर ते कर्जानेच सुरुवात करते.

भाडेकरूने नासधूस केली, वीजबिल थकवले किंवा जागाच सोडली नाही तर काय, ही मालकांची भीती खरी आहे. पण जागा अडवणाऱ्यावर खरा उपाय मोठी अनामत नसून लेखी करार आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळवता येतो आणि तोवर दुप्पट शुल्कही मागता येते. नासधूस आणि थकीत बिलापोटी दोन महिन्यांची रक्कम हाताशी राहतेच. दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. आपल्या पालिकांची तिजोरी मुंबईएवढी नाही, म्हणून मी सरसकट माफी मागत नाही. बेताची टक्केवारी ठरवावी. करार नोंदवले गेले की भाड्याने दिलेली, पण तशी न दाखवलेली घरे कर विभागाच्या नजरेत येतील आणि सवलतीचा काही भार तिथूनच भरून निघेल.

अनामतीची मर्यादा सर्वांना लागू करण्याचा अधिकार पालिकेचा नाही, विधिमंडळाचा आहे. तेव्हा दोन्ही जिल्ह्यांतील आमदारांनी घरपट्टीच्या सवलतीसाठी आवाज उठवताना कलम 56 मधील दुरुस्तीही मागावी. घर स्वतःचे नसले, तरी शहर भाडेकरूचेही आहे.

— एक वाचक, सांगली