गाडीचें सुख

दोष ढकलावयास आमच्या वसई-विरारच्या रस्त्यांइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं. पावसाळा सरला तरी खड्डे उरतात, आणि गाडी हादरली कीं रस्त्यास चार शब्द सुनावून आपण मोकळे होतों. आम्हींही तेंच केलें, आणि त्याची कबुली आज वाचकांपुढें देत आहों.

२०२४ च्या दसऱ्यास आमच्या धाकट्या चिरंजिवांनीं घरच्या मोटारीस बाजारांतून नवीं अलॉय चाकें आणून बसविलीं. मूळचीं पोलादी चाकें माळ्यावर गेलीं. गाडी देखणी दिसूं लागली खरी. परंतु ती रोज ठाण्यास घेऊन जाते आमची धाकटी सून. आठ दिवसांतच ती म्हणाली, "मामंजी, ऐंशीच्या पुढें गेलें कीं स्टिअरिंग हातांत थरथरतें." आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकेंही वर न काढतां उत्तर दिलें, "अग, महामार्गच तसा आहे!" चिरंजिवांनीं दुकानांत चाकांचा तोल दोनदां पाहून घेतला, यंत्रानें तो बरोबर दाखविला. दुसऱ्या एका ठिकाणीं तर स्टिअरिंगची रॅकच बदलण्याचा सल्ला मिळाला.

माघांत नाशकास भाचीच्या मुलाची मुंज होती. गाडींत आमची मंडळी, दोन नातवंडें, आणि वाटेंत कसाऱ्याचा घाट. चार दिवस आधीं सूनबाईनें स्पष्ट सांगितलें, "मामंजी, ही गाडी मी घाटांतून नेणार नाहीं. नव्या काँक्रीटवरही ती तशीच थरथरते."

हें मात्र आम्हांस लागलें. आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें. यंत्रविद्या आम्हांस येत नाहीं, परंतु अन्वय-व्यतिरेक येतो. खड्डा गेला आणि थरथर राहिली, तर खड्डा हें कारण नव्हे. मग माळ्यावरचीं जुनीं चाकें उतरवून परिचयाच्या मिस्त्रीकडे गेलों. नवीं चाकें काढतांना तो थबकला. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट नुसत्या बोटांनीं फिरत होते. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

जुन्या चाकांवर सूनबाई त्याच रस्त्यानें, त्याच वेगानें जाऊन आली. थरथर नाहींशी झाली होती. म्हणजे रॅक निर्दोष. दोष नव्या चाकांत, किंवा तीं बसविण्यांत. मिस्त्रीनें माप घेतलें. गाडीच्या हबाचा व्यास ५४.१ मिलिमीटर, आणि नव्या चाकाचें मधलें भोंक ७३.१! बाजारांतील चाकें निरनिराळ्या गाड्यांस चालावीं म्हणून त्यांचें भोंक मोठें ठेवतात. उरलेली फट भरण्यास हबरिंग नांवाचें कडें घालावयाचें असतें. तें कोणी घातलेंच नव्हतें. शिवाय नट जुनेच वापरलेले. त्यांची बैठक नव्या चाकाच्या निमुळत्या छिद्रांशीं जुळत नव्हती. चाकास बरोबर मध्यावर धरणारें कांहींच उरलें नव्हतें.

मग यंत्रानें तोल बरोबर कसा दाखविला? यंत्रावर चाक त्याच्याच भोंकांत शंकु बसवून मध्यावर धरतात, म्हणून तेथें सारें ठीक दिसे. गाडीवर मात्र तें केसभर बाजूस बसे. ताशीं ८० किलोमीटरला असें चाक सेकंदास सुमारें बारा फेरे घेतें, आणि वेग दुप्पट झाला कीं ढळलेल्या तोलाचा जोर चौपट होतो. म्हणून चाळीसला जें जाणवत नाहीं तें ऐंशीला हातांत येतें. चार कडीं आणि सोळा नट आणले. त्यांचा खर्च रॅकच्या मानानें कांहींच नव्हता.

येथें आम्हांस आमचा जुना विषय आठवला. संस्कृतांत 'ख' म्हणजे भोंक; चाकाच्या नाभीचें, ज्यांत आंस बसतो तें भोंकही 'ख'च. ऋग्वेदांत 'सुख' हें रथाचें विशेषण आहे, आणि ज्याच्या चाकाचें भोंक चांगलें तो रथ 'सुख', अशी फोड कित्येक पंडित करतात. तसेंच वाईट भोंकाचें तें 'दुःख'. ही व्युत्पत्ति सर्वांस मान्य नाहीं. परंतु मिस्त्रीच्या दारांत उभे असतां तिच्याविषयीं शंका घेण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

ज्यांच्या घरीं अशीं चाकें बसलीं असतील त्यांनीं क्रमानें पाहावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. थरथर केवळ ब्रेक लावतांना येत असेल तर आधीं ब्रेकची डिस्क तपासावी. गाडी एका बाजूस ओढत असेल तर टायरांतील हवा व अलाइनमेंट. ठराविक वेगास थरथर स्टिअरिंगमध्यें येत असेल तर बहुधा पुढचीं चाकें, आसनाखालीं येत असेल तर मागचीं. जॅकवर चाक उचलून हातानें फिरवावें आणि कडेजवळ एक काडी स्थिर धरावी. कड काडीच्या जवळ-दूर होऊं लागली तर रिम वाकली आहे. त्यानंतर भोंक, कडें आणि नट. आमच्या खाडीकांठच्या दमट हवेंत हबावर गंज लवकर धरतो; तो घासून काढावा. चाक अधांतरीं असतांनाच समोरासमोरचे नट आळीपाळीनें बसवावे, गाडी जमिनीस टेकल्यावर पुस्तिकेंतील मापाप्रमाणें टॉर्क पान्यानें आवळावे, आणि शंभर किलोमीटरच्या आंत पुन्हां तपासावे.

मुंजीस आम्ही वेळेवर पोंचलों. घाट चढून इगतपुरीस चहाला थांबलों, तेव्हां सर्वांदेखत आम्हीं सूनबाईस म्हटलें, "पहिल्याच आठवड्यांत तुझें ऐकावयास हवें होतें." ती नुसती हंसली. तिनें ही गोष्ट मनावर घेतली नसेल. आम्हांस मात्र ते दोन सैल नट अजून रात्रीं आठवतात. ज्या घरांत तरुण मंडळी गाडी चालवितात, तेथील वडिलांनीं अधूनमधून एवढें विचारावें, "गाडी कशी वाटते?" आणि उत्तर संपेपर्यंत वर्तमानपत्र खालीं ठेवावें.