शेतकऱ्यास शिकविणारे

खेड्यातील भुकेचे मूळ शेतकऱ्याच्या अज्ञानात आहे, सबब त्यास टिकाऊ शेती शिकविली की भूक आपोआप हटेल, हा सिद्धान्त अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात वारंवार येतो. तो गोड लागतो, कारण त्यात बोलणारास स्वतः काहीच सोसावे लागत नाही.

नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुकाच घ्या. गिरणाकाठ सोडला तर पुष्कळशी जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. अशा रानात बाजरीच्या ओळींत मूग, मटकी, तूर टाकावी, एकाच रानात तेच पीक पुन्हा घेऊ नये, हे तेथील म्हाताऱ्यास कोणत्या कॉलेजाने शिकविले? कडधान्य काढलेल्या रानास तो ‘चांगले बेवड’ म्हणतो. त्याच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतला नत्र धरतात, असे आम्ही प्राध्यापक सांगतो. गोष्ट एकच, आमच्या सांगण्यास तेवढी पदवी मिळते.

मग ही मिश्रपिके मागे का पडली? मुलांची फी, दवाखाना, सोसायटीचा हप्ता मटकीवर भागेना, म्हणून कांदा आला, डाळिंब आले. भाव पडला की ज्याच्या घरी बाजरीची कणगी असे तोच धान्यासाठी दुकानाकडे वळतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागले, 2023 पासून ते मोफत मिळतात, हा आधार लहान नव्हे. परंतु ताटातून गेलेली मटकी आणि कुळीथ त्याने परत येत नाहीत.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे 2024 मध्ये उठली. त्या काळात उमराण्याच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास आपण कोणता धडा देणार होतो? ती बंदी शहरातील स्वयंपाकघरांसाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी होती, हे वाचकांस अप्रिय वाटले तरी सांगणे भाग आहे.

शिक्षण नकोच, असे आमचे म्हणणे नव्हे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. तरी त्यांनी देशी वाणांचे बियाणे राखले, वाटले, बायाबापड्यांस ते लावण्यास शिकविले, आणि 2020 साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. बायफ ही संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. पुढे मात्र राहीबाईच राहिल्या. असा शिक्षक शेजारच्या बांधावरचा असतो. त्याचे पीक बुडाले तर तेही शिकणारास दिसते, व्याख्यात्याचे कधी दिसत नाही!

देवळ्यात असे वर्ग भरवावयाचे असतील तर अवश्य भरवावेत. पण एकरभर कांदा कमी करून मटकी-बाजरी पेरणाऱ्याची पहिल्या दोन-तीन हंगामांची तूट कोणी सोसावी, हे आधी ठरवावे. ते धान्य हमीभावाने खरेदी करून गावच्याच रेशन दुकानात व शाळेच्या पोषण आहारात द्यावे. आणि त्यापायी शहरात कांदा चार पैशांनी महागला तर आपण ओरड करू नये.