पाटी आणि पंगत

धंदा वाढला की पाटी बदलावी, असा सल्ला देणारे शहाणे सर्व देशांत सापडतात. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, गल्लीच्या लोभावर वाढलेली एखादी खाणावळ शाखा काढू लागली की हे शहाणे सांगू लागतात : घरगुती नाव पुसा, ‘सोल फूड’ऐवजी ‘दक्षिणी भोजन’ म्हणा, म्हणजे नवे गिऱ्हाईक बिचकणार नाही. हा उपदेश कितपत खरा, हे न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या ‘सिल्व्हियाज’ या खाणावळीवरून पारखून घ्यावे.

दक्षिण कॅरोलायनातून आलेल्या सिल्व्हिया वुड्स या हार्लेममधील ‘जॉन्सन्स’ नावाच्या लहानशा उपाहारगृहात वाढण्याचे काम करीत. १९६२ मध्ये, आईने शेत गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशावर त्यांनी तेच दुकान विकत घेतले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. म्हणजे पाटी त्या दिवशीही बदललीच! मग आक्षेप कशाला? आक्षेप नावे बदलण्याला नाहीच. जी बाई तेथे राबत होती, तिचेच नाव दारावर आले. त्या बदलाने सत्य उघडे झाले. आजचे सल्लागार सुचवितात त्या बदलाने ते झाकले जाते.

कारण ‘सोल फूड’ हे केवळ पदार्थांचे नाव नव्हे. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी वंशद्वेषाने जाचलेली दक्षिण सोडली. मक्याचा पाव, कॉलर्डची भाजी, चवळी आणि तळलेली कोंबडी ही त्यांच्याबरोबर आलेली शिदोरी होती. १९६०च्या दशकात त्या समाजाने तिला अभिमानाने हे नाव दिले. ते पुसणे म्हणजे शिदोरी ठेवून घेऊन ती बांधणाऱ्या आईला दाराबाहेर काढणे होय.

नाव राखल्याने ‘सिल्व्हियाज’ची वाढ खुंटली काय? मुळीच नाही. शेजारचे गाळे घेत खाणावळ विस्तारली; १९९२ मध्ये सिल्व्हियाबाईंच्याच नावाचे डबाबंद पदार्थ बाजारात आले. मात्र १९९७ मध्ये अटलांटात काढलेली शाखा पुढे बंद पडली, आणि फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गची शाखा २०१३ मध्ये उघडून २०१६ मध्ये मिटली. कारणे अनेक असतील; परंतु नाव तेच होते. तेव्हा नुसती पाटी तारीतही नाही. पाटी गाडीत घालून नेता येते, शेजार नेता येत नाही.

आणि शेजारावरही घाला येतोच. जागांचे दलाल दक्षिण हार्लेमला ‘सोहा’ म्हणतात, हे पाहून २०१७ मध्ये रहिवासी खवळून उठले. आधी नाव परके होते, मग भाडे परके होते, शेवटी माणूस परका होतो, हे त्यांनी ओळखले होते. सीमाभागातील वाचकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून धंदेवाल्यांस आमचे सांगणे एवढेच : खुशाल वाढा, चार शहरांत चुली मांडा, पण लाजेपोटी नाव टाकू नका. आणि पाटीसाठी हळहळणाऱ्या शेजाऱ्यांसही एक सांगणे आहे. सिल्व्हियाबाई २०१२ मध्ये निवर्तल्या, तरी हार्लेममधील मूळ पाटी राहिली, ती पानावर रोज माणसे बसली म्हणून. ज्यांना पाटी हवी, त्यांनी पंगतीलाही आले पाहिजे.