सुट्टीत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नको



सहामाही परीक्षा संपते, दिवाळीची सुट्टी लागते आणि पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागते. माझे मत असे आहे की, वाचायला वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस हेच. म्हणून याच दिवसांत कुलूप नको.

कारणे सांगते. पावसाळ्यात घर गळते, पुस्तकाला ओल धरते, शिवाय खुरपणीची घाई. उन्हाळ्यात पाणी आणता आणता जीव जातो. आश्विन-कार्तिकात मात्र आभाळ निवळते, अंगणात बसता येते, रात्र मोठी होते आणि परीक्षेचा धाक नसतो. दिवाळी अंकांची रीतसुद्धा याच दिवसांची. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मोठी माणसे फराळाबरोबर वाचत आली. मग आपणच का मागे राहायचे?

आता वाचायचे काय? आपण सहावी-सातवीची मुले. चिऊकाऊच्या गोष्टी आपल्याला पुरत नाहीत आणि मोठ्यांची जाड पुस्तके झेपत नाहीत. मधल्या वयाची पुस्तके मराठीत पुष्कळ आहेत. मला आवडलेली चार सांगते.

हसायचे आणि धावायचे असेल तर भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' घ्या. हा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. अंगाने काडी, पण सायकलवर बसला की चोरांची धडगत नाही. आपल्यासारख्या खेड्यातल्या पोराला पुण्याच्या शाळेत कुणी दबकवू शकत नाही, हे वाचून बरे वाटते.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. आमची आजी वाती वळता वळता ऐकते. मी थांबले की, "पुढं काय झालं गं?" असं तीच विचारते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. सुरुवातीला शाळेत पोरेच येत नाहीत. हळूहळू वाडी त्याची होते आणि शेवटी दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. हे पुस्तक वाचताना आपल्या गुरुजींची आठवण येते.

चौथे 'एक होता कार्व्हर'. वीणा गवाणकर यांनी ते १९८१ साली लिहिले. जॉर्ज कार्व्हर अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मला. काळ्या मुलांना जवळच्या शाळेत घेत नव्हते, म्हणून तो दुसऱ्या गावी जाऊन शिकला आणि शेतीचा मोठा शास्त्रज्ञ झाला. कापूस घेऊन घेऊन जमीन नापीक झाली होती. त्याने शेतकऱ्यांना भुईमूग पेरायला शिकवले, कारण भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. भुईमूग उपटताना त्या गाठी आपण दरवर्षी बघतो. त्या कशासाठी असतात ते मला या पुस्तकामुळे कळले. पालकांनीही हे पुस्तक जरूर वाचावे.

आता मुख्य मुद्दा. दसरा-दिवाळी झाली की आपल्या वर्गातली काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावेच लागते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती परत येत नाहीत. तिकडे फडाजवळ कोपीत राहायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायचे. चार-पाच महिने अक्षर डोळ्यांसमोर आले नाही तर काय होते, ते आपण बघितले आहे. जी मैत्रीण गेल्या वर्षी माझ्या पुढे वाचायची, ती परत आल्यावर अडखळत होती. ती हुशार नाही असे नाही. तिच्याजवळ पुस्तक नव्हते, एवढेच. म्हणून माझे म्हणणे असे की, सुट्टीत पुस्तके सगळ्यांना द्यावीत, पण पहिला मान ट्रकमध्ये बसणाऱ्या मुलांचा.

कुणी म्हणेल, पुस्तके फाटतील, हरवतील. फाटतील खरी. पण कपाटात ठेवली म्हणून ती टिकतात का? तिथे त्यांना कसर लागते. वाचून फाटलेले पुस्तक कामाला तरी आले. हरवले तर एक पुस्तक जाते, पण वाचायची सवय मोडली तर मुलाची शाळाच जाते. यात मोठे नुकसान कोणते, ते मोठ्यांनी ठरवावे.

पालकांना एक विनंती. "गोष्टीची पुस्तकं वाचून पोट भरतं का?" असं म्हणू नका. सुट्टीत मुलींच्या वाट्याला शेण, सडा, भांडी, भाकरी येते. आम्ही कामाला नाही म्हणत नाही. पण दिवेलागणीनंतर अर्धा तास आमचा असू द्या. आणि घरात मोबाईल असेल तर त्याचाही उपयोग आहे. 'किशोर' मासिक बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केले. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात.

माझी सूचना सोपी आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी कपाट उघडावे. सातवीच्या मुलांनी पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरे घालावीत आणि वहीत नोंद करावी. गावात राहणाऱ्याला एक पुस्तक, ऊसतोडीला जाणाऱ्याला दोन. कव्हरे घालायला मी आणि माझ्या बाकावरच्या दोघी तयार आहोत. आणखी कोण कोण येणार, त्यांनी या भित्तिपत्रकाखाली आपले नाव लिहावे, म्हणजे ती यादी घेऊन गुरुजींना भेटता येईल.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी