घरात मुलगे किती?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्क्रीनपासून लांब बसवलं. आता इतकं स्वच्छ दिसतं की औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचत सुटलेय. :-)

पुण्याचा नातू अर्थशास्त्र शिकतो. गेल्या महिन्यात आला तेव्हा चार शोधनिबंध मोठ्या अक्षरांत छापून घेऊन आला. "आजी, हे बघ, आपल्या काकांच्या मागांसारख्याच मागांवर लोकांनी केवढा अभ्यास केलाय." माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, तेही पन्नासएक वर्षांपूर्वीचं. शब्दकोश शेजारी घेऊन बसले. गणिताचे तक्ते आले की नातवाला फोन करायचा, बाकीचं आपलं आपण वाचायचं, असं करत संपवले एकदाचे. आणि संपवल्यावर गप्प बसवेना.

नवीन वाचकांसाठी सांगते, माझं सासर इचलकरंजीचं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गावाला खडखडाटाशिवाय झोप येत नाही. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, माग टाकले. आता ते नाहीत, पुतण्या बघतो. हे लिखाण घरातले सगळे वाचतात हे मला ठाऊक आहे. आज तर ते त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय.

पहिला अभ्यास तारापूर-उंबरगाव भागातला. २००८ च्या सुमाराला निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी तिथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांत गेले. त्यांचे मिळून २८ कारखाने. काही कारखान्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पाच महिने सल्लागारांची मदत फुकट दिली. बाकीच्यांची फक्त एक महिना तपासणी केली, म्हणजे तुलना करता यावी. सल्ला काय, तर ३८ साध्या साध्या गोष्टी. सूत कुठे किती आहे त्याची नोंद, यंत्राची वेळच्या वेळी देखभाल, कोणत्या मागावर कोणता दोष आला त्याची रोजची नोंद आणि ती नोंद घेऊन रोज थोडा वेळ बसणं.

आधीची स्थिती वाचताना मला भाऊजींचा कारखानाच डोळ्यांसमोर आला. वाटेत कचरा, अवजारं जमिनीवर, सूत ओलीत पडलेलं, कोणतं कोणाचं याची चिठ्ठी नाही. आलेला दोष दुरुस्त करायला माणसं बसवलेली, जवळपास १९ टक्के मनुष्यबळ त्या तपासण्या-सांधण्यातच जायचं. पण दोष मुळात येतो कुठून, हे शोधायला कोणी बसलेलं नव्हतं.

हे वाचून मास्तरीण जागी झालीच. आमच्याकडेही शिक्षकांचे दोन प्रकार असत. एक, वहीतली चूक लाल शाईने सुधारून वही परत देणारे. दुसरे, स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर 'अमुक चूक ४० पैकी २३ जणांची' असं लिहून ठेवणारे. ऱ्हस्व-दीर्घाचं ते पान मी वर्षानुवर्षं ठेवलं. दर वर्षी चुका त्याच, मुलं वेगळी. मग चूक मुलांची की माझ्या शिकवण्याची, हा प्रश्न आपोआप पडायचा. असो.

तर त्या कारखान्यांत पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी हे आधी का केलं नाही? बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होतं त्यांना पटत नव्हतं. शेजारच्या कारखान्यातही असंच चालतं, आमचं काय वाईट चाललंय, असं उत्तर. मी शाळेत पालकांकडून हेच ऐकत आले.

पण ज्या वाक्याशी मी अडले ते वेगळंच होतं. कंपनी किती मोठी होणार हे कशावरून सांगता येतं, तर ती किती चांगली चालवली जाते यावरून नव्हे, मालकाच्या घरात पुरुष किती आहेत यावरून! भाऊ-मुलगे जितके, तितके कारखाने. कारण परक्या माणसाच्या हाती मालक किल्ली देत नाही. सूत चोरील, पैसे खाईल ही भीती. आणि ती खोटीही नाही, कोर्टात गेलं तर निकालाला वर्षं लागतात. त्यामुळे चांगला चालणारा कारखाना वाढत नाही, वाईट चालणारा बंद पडत नाही. दोघांच्याही सीमा घरातल्या जन्मदाखल्यांनी ठरलेल्या.

आमच्या घरी पुतण्या एकटा. त्याला एक मुलगी. म्हणजे या हिशेबाने आमचा कारखाना संपल्यातच जमा.

पुतण्याचं वय पन्नास. बारा रॅपिअर माग, दोन पाळ्या. वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रात्री दोनला फोन वाजला की अजून स्वतः धावतो. आता म्हणतो, सहा माग विकून टाकतो, झेपत नाही. दिवाळीनंतर गिऱ्हाईक बघणार आहे. त्याची मुलगी बी.कॉम. झालेली, कोल्हापुरात एका सीएंच्या ऑफिसात लोकांचे हिशेब तपासते. दुसऱ्यांच्या कारखान्यांचे! मी त्याला म्हटलं, "अरे, तिला दे की बघायला." तर म्हणाला, "काकू, रात्रपाळीला जॉबरशी ती काय बोलणार? आणि उद्या लग्न होऊन जाईल." मी म्हटलं, मग बाहेरचा माणूस ठेव. "ठेवला होता काकू. सुताचे कोन पायाला पाय फुटल्यासारखे गेले. तुम्हाला शाळेत कोणी खडू चोरल्याचा त्रास झालाय का?" यावर मला उत्तर नव्हतं. (खडू चोरीला जातात, पण त्याने घर बसत नाही.)

आता त्या अभ्यासातला पुढचा भाग त्याच्यासाठी मुद्दाम लिहिते. ज्या कारखान्यांत नोंदी सुरू झाल्या, तिथल्या मालकांनी हळूहळू मॅनेजरच्या हाती जास्त निर्णय दिले. विश्वास आधी आणि नोंदी मागून, असं झालं नाही. सूत किती आलं, किती विणलं, किती उरलं हे रोज कागदावर दिसायला लागलं, तेव्हा परका माणूस सहन व्हायला लागला. माणूस प्रामाणिक आहे की नाही हे चेहऱ्यावरून ओळखण्यात आपण पिढ्या घालवल्या, आणि तिथे एका वहीने काम केलं.

हे लोक २०१७ साली पुन्हा त्याच कारखान्यांत गेले, हे मला फार आवडलं. आमच्याकडे एकदा प्रशिक्षण झालं की अहवाल कपाटात आणि शिक्षक वर्गात, पुन्हा कोणी विचारत नाही. तर नऊएक वर्षांनी काय दिसलं? लावलेल्या चांगल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला की सुटायच्या, मालकाला वेळ नसला की सुटायच्या. तरीही ज्यांना मदत मिळाली ते बाकीच्यांच्या पुढेच होते. निम्म्या टिकल्या हे मला तरी पुष्कळ वाटलं. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा निकाल याहून वाईट आहे.

हे कारखाने आपल्या हिशेबाने लहान नव्हेत, तेही खरं. एकेका कंपनीत सरासरी २७० माणसं. आपल्याकडे असंघटित धंद्यांत दहापैकी आठांहून जास्त ठिकाणी पगारी माणूसच नसतो, सगळं घरचंच. आणि परदेशी कंपनीचे सल्लागार बारा मागवाल्याच्या दारात फुकट कोण पाठवणार? तेव्हा ३८ गोष्टी राहू देत. सुताची आणि दोषाची, दोन वह्या घालाव्यात, एवढंच माझं म्हणणं.

बाकीचे दोन निबंध ओडिशातले. ते वाचताना पुतण्या विसरले आणि मला माझंच काहीतरी आठवायला लागलं.

एकात कामगार तीन-तीनच्या गटांत दोर, झाडू, उदबत्त्या असल्या वस्तू बनवत होते. ब्रेझा, कौर आणि शमदासानी या तिघींचा हा अभ्यास, २०१८ साली छापला गेला. काही गटांत तिघांना सारखी मजुरी, काहींत थोडी कमी-जास्त. फरक अगदी किरकोळ. पण ज्याला शेजाऱ्यापेक्षा कमी मिळालं आणि का ते दिसत नव्हतं, त्याचं काम घटलं आणि हजेरीही १८ टक्के अंकांनी उतरली. हातची मजुरी सोडून माणूस घरी बसला! मात्र शेजाऱ्याचं काम जास्त आहे हे डोळ्यांना दिसत असेल, तर तोच फरक कोणाला टोचला नाही. शेवटी निरोपाच्या दिवशी खेळ घेतले, तर असमान मजुरीच्या गटांना मिळून मनोरा रचणंसुद्धा नीट जमेना. मुलांना वर्गात विनाकारण मागे-पुढे बसवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे कळेल.

दुसरा पत्रावळींचा. शेतीची कामं नसलेल्या दिवसांत माणसांना पत्रावळी लावायचं काम दिलं, नगावर मजुरी. सगळ्यांना मिळायचे पैसे तेच, पण काहींना त्यातले साधारण १,४०० रुपये मधेच देऊन टाकले. बाकीच्यांना शेवटी. बहुतेकांनी पैसे हातात पडताच उधाऱ्या फेडल्या. आणि नंतरच्या दिवसांत त्यांच्या पत्रावळी सहा-सात टक्के जास्त झाल्या, चुकाही कमी. सगळ्यांत गरीब होते त्यांचा फरक सगळ्यांत मोठा. दर वाढवला नव्हता, कोणी ओरडलं नव्हतं. डोक्यावरचं ओझं उतरलं एवढंच.

१९८६ च्या मे महिन्यात भाऊजींना कावीळ झाली. मला सुट्टी होती, म्हणून पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गल्ल्यावर मी बसले. तेव्हा आमच्याकडे नव्या माणसाचा एका आठवड्याचा पगार मागे ठेवायची रीत होती, काम सोडून पळू नये म्हणून. सोलापूरकडचा एक विणकर होता. त्याच्या मागाच्या कापडाला मेंडिंगवाल्याला हात लावावा लागत नसे. तो म्हणाला, "बाई, माझा तो मागचा आठवडा आज द्या. दुकानदार दारात येऊन बसतोय." पैसे गल्ल्यात होते. मी म्हटलं, "भाऊजी बरे झाले की बघू." मला वाटलं, आपण शिस्त पाळली. दिवाणजींनीही मान हलवली.

पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्या कापडात तुटलेल्या तारा यायला लागल्या. मी दिवाणजींना म्हटलं, माणूस बेफिकीर झालाय, कापून घ्या. घेतले. तिसऱ्या आठवड्यात तो आला नाही. मागे ठेवलेला आठवडा न्यायलाही आला नाही. त्याच्या नावापुढची ती रक्कम पुढे कितीतरी दिवस वहीत तशीच होती.

तारा दुकानदारापायी तुटल्या की आणखी कशाने, हे मी सिद्ध करू शकत नाही. ओडिशात ४०० माणसांवर जे दिसलं ते एका माणसाला चिकटवणं बरोबर नाही, असं नातूही म्हणाला. पण शाळेत एखादं हुशार मूल अचानक चुकायला लागलं की मी आधी घरी काय झालंय ते विचारायची. गल्ल्यावर बसल्यावर तो प्रश्न मला सुचला नाही. मालकाच्या खुर्चीत बसून दोनच आठवडे झाले होते.

त्या महिन्यात वही मी चांगली लिहिली होती, हेही खरं. भाऊजी बरे झाल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर दिवाणजींची नोकरी घालवाल." सगळे हसले. मी शाळेत परत गेले आणि पुन्हा कोणी मला बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. पुतणीचं, म्हणजे याच्या बहिणीचं, गणित घरात सगळ्यांत चांगलं होतं. तिलाही कोणी बोलावलं नाही. त्या शास्त्रज्ञांनी घरातले पुरुष मोजले, कारण धंदा तेच बघत होते. आपण मोजताना तसंच का मोजायचं? आमच्या घरात चालवणारी माणसं कमी नव्हती रे, मोजली नव्हती.

तर पुतणोबा, सहा माग विकायच्या आधी सहा महिने पोरीच्या हाती दोन वह्या दे. रात्रपाळीला जॉबरशी तू बोल, सकाळी वही ती बघेल. ती लग्न करून गेली तर वही मागे राहील, मग परका माणूसही त्या वहीवर ठेवता येईल. आणि कोणाचा आठवडा मागे ठेवत असशील अजून, तर या दिवाळीला देऊन टाक. बोनस वेगळा.

रविवारी तो जेवायला येणार आहे, कटाची आमटी आणि पुरणपोळी. मुलीलाही कोल्हापूरहून बोलावलंय. तिला दोन कोऱ्या वह्या घेऊन यायला सांगितलंय, लांब आकाराच्या, इथे हल्ली मिळत नाहीत. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. वाचून कळेलच.