थोरला नापास, धाकटा खाली

स्पेनच्या फुटबॉलमध्ये 'तेर्सेरा' म्हणजे तिसरी लीग पाचव्या पायरीवर आहे! सगळ्यात वर २० संघांची ला लीगा, ती सगळ्यांनाच ठाऊक. तिच्याखाली २२ संघांची सेगुंदा. त्याखाली २०२१ सालच्या फेररचनेत 'प्रिमेरा फेडेरासिओन' आली (४० संघ, दोन गट), मग 'सेगुंदा फेडेरासिओन', मग प्रांतवार १८ गटांची 'तेर्सेरा फेडेरासिओन'. म्हणजे पहिली, दुसरी, पुन्हा पहिली, दुसरी, तिसरी. असो, नावात काय आहे म्हणा.

मला गंमत वाटते ती मोठ्या क्लबांच्या धाकट्या संघांची. रियाल माद्रिदचा कास्तिया, बार्सिलोनाचा बी संघ, हे याच जिन्यावर गावोगावच्या क्लबांशी खेळतात. अट एकच, थोरला आणि धाकटा एका लीगमध्ये नकोत. १९८४ साली कास्तिया सेगुंदात पहिला आला, पण वर रियाल माद्रिद बसलेला, मग कसली बढती! आणि २०१२ साली व्हियारियाल ला लीगातून खाली घसरला, तर सेगुंदात बरा खेळलेला त्यांचा बी संघही आणखी खाली ढकलला गेला. थोरला नापास झाला म्हणून धाकट्याला खालच्या वर्गात बसवायचं. पोरांनी काय घोडं मारलं होतं?

इंग्लंडमध्ये अशा पोरांची वेगळी स्पर्धा असते. तिथे कोणाचं काही बिघडत नाही, आणि (माझ्या मते) म्हणूनच तिथे पोरं फारसं शिकतही नाहीत. स्पेनमध्ये अठरा वर्षांच्या पोराला चौतिशीतला बचावपटू भेटतो, ज्याचं घर या सामन्यांवर चालतं. तो लाड करत नाही. २००७-०८ मध्ये बार्सिलोनाचा बी संघ तेर्सेरात, म्हणजे तेव्हाच्या चौथ्या पायरीवर होता. प्रशिक्षक ग्वार्दिओला, संघात बुस्केट्स आणि पेद्रो. दोनच वर्षांनी, २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दोघेही स्पेनकडून सुरुवातीपासून मैदानात! वेगळ्या, सुरक्षित स्पर्धेत हे झालं असतं असं मला तरी वाटत नाही.

तेव्हा माझं मत, धाकट्यांना जिन्यावरच राहू द्यावं, खाली ओढलं जाण्याच्या जाचासकट. एकाच मालकाचे दोन संघ समोरासमोर आले तर त्या निकालावर विश्वास कोण ठेवणार?

खटकतं ते दुसरंच. लहानशा गावाचा एकुलता एक क्लब, वर्गणीदारांच्या आणि तिकिटांच्या पैशावर कसाबसा चाललेला. त्याला वर जायचं तर रियाल माद्रिदच्या पैशावर वाढलेल्या पोरांना मागे टाकावं लागतं, आणि त्या पोरांनी अडवलेली प्रत्येक जागा अशाच एखाद्या गावाची असते. त्या गावात जाऊन माझं वरचं मत सांगायची माझी छाती नाही.

आमचे मँचेस्टरभक्त बंधुराज आता भांडायला येतीलच. या, वाट बघतोय.