पदवीपायी घर गहाण!

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात बाउरिंग आणि लेडी कर्झन हे जुने सरकारी रुग्णालय आहे. हमाल, फेरीवाले, बांधकाम मजूर यांचा तो आधार. आज त्याला जोडून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही चालते. तेथील वार्षिक शुल्क हजारांत मोजले जाते. त्याच शहरातील खाजगी महाविद्यालयात खाजगी कोट्याच्या जागेसाठी वर्षाला दहा लाखांहून अधिक रुपये द्यावे लागतात. पदवी तीच, रोगही तेच; परंतु एक जागा समाजाने राखलेली, तर दुसरी बाजारात विकायला ठेवलेली!

ही विकाऊ जागा घेण्यासाठी कारकून, शिक्षक, लहान शेतकरी बँकेचा उंबरठा झिजवतो. शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेनुसार साडेसात लाखांवरील कर्जास तारण लागते. म्हणजे आईबापांचे घर वा जमिनीचा तुकडा गहाण पडतो. पन्नास लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांत फेडायचे म्हटले, तर दरमहा सुमारे ५४ हजारांचा हप्ता बसतो. शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज वेगळेच! हा तरुण डॉक्टर स्वतःचे घर घ्यायला निघाला की बँक हाच हप्ता आधी वजा करून त्याची ऐपत ठरवते. शिवाय ८० लाखांच्या घरासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ६४ लाखांपर्यंतच कर्ज मिळते. उरलेले १६ लाख कोठून आणावयाचे? अर्थसल्लागार मात्र साळसूदपणे विचारतात : आधी कर्ज फेडाल की आधी घर घ्याल? शिक्षण आणि निवारा या दोन मूलभूत गरजांपैकी एकीची निवड करावयास लावणारी ही व्यवस्था कोणी उभी केली, हे ते विचारीत नाहीत.

तिचा इतिहास स्पष्ट आहे. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडून दिले. कर्नाटक सरकारने १९८९ च्या अधिसूचनेने सरकारी जागेस २ हजार, राज्यातील इतर विद्यार्थ्यास २५ हजार आणि परराज्यातील विद्यार्थ्यास ६० हजार रुपये असा दर ठरवला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी अवैध ठरवली. परंतु २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने खाजगी संस्थांना शुल्क ठरविण्याची मोकळीक पुन्हा रुंदावली. देणगी अधिकृत शुल्काचा वेष घेऊन परत आली आणि तिच्या मागोमाग बँक आली.

२०२४ पासून ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते, असा डांगोरा पिटला जातो. परंतु आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मिळणारी तीन टक्के व्याजसवलत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरच आहे. खाजगी कोट्यातील एका वर्षाच्या शुल्कातच ती मर्यादा संपते! तारण सुटले तरी कर्ज सुटत नाही. सरकारी तिजोरीतून मिळणारी ही सवलतही अखेर संस्थाचालकांच्या शुल्काचीच भरती करते.

काही साथी म्हणतील, हा मध्यमवर्गीयांचा प्रश्न आहे. कष्टकऱ्यांचा त्याच्याशी संबंध काय? संबंध थेट आहे. हप्त्याने बांधलेला डॉक्टर खेड्यातील आरोग्य केंद्राकडे वळणार कसा? त्याला बड्या रुग्णालयांच्या मालकांकडे श्रम विकावे लागतात आणि त्या कर्जाची वसुली शेवटी रुग्णाच्या बिलातून होते. अमेरिकेत कर्जबाजारी वैद्यकीय पदवीधराच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलरांचे ओझे असते. बँका त्यालाच खास गृहकर्ज विकून दुसरा फास आवळतात. उलट नाकेबंदीने ग्रासलेल्या क्यूबाने १९९९ साली हवानात लॅटिन अमेरिकन वैद्यकीय विद्यालय काढून गरीब देशांतील हजारो मुलांना विनामूल्य डॉक्टर केले. म्हणजे प्रश्न पैशाचा नसून सत्ता कोणत्या वर्गाच्या हाती आहे याचा आहे.

२०२५ साली विजयपुरात जनतेने खाजगी भागीदारी धुडकावून पूर्ण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासाठी आंदोलन उभारले. तीच दिशा योग्य आहे. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी महाविद्यालय. खाजगी संस्थांत निम्म्या जागांना सरकारी शुल्क लावण्याच्या २०२२ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनेची सक्तीने अंमलबजावणी. शैक्षणिक कर्जापोटी राहते घर तारण घेण्यास बंदी. निवासी डॉक्टरांना वसतिगृहे आणि पुरेसे विद्यावेतन — या मागण्यांवर विद्यार्थी, डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातील कंत्राटी सफाई कामगार यांना एकत्र आणणे हे आपले काम आहे. एकेका कुटुंबाने गुपचूप हप्ते फेडून हा बाजार मोडणार नाही. तो संघटित लढ्यानेच मोडावा लागेल!